स्वायत्त मज्जासंस्था, तिचे विकार आणि शाळेतील मूल

मनुष्याने हात वर करावयाचे ठरविले की हात वर जातो. पाऊल पुढे टाकावयाचे ठरविले की पाऊल पुढे पडते. परंतु हृदयाने मिनिटाला किती ठोके द्यावेत, जठरात पाचक रस केव्हा पाझरावा, डोळ्याची बाहुली किती उघडावी, ऊन लागल्यावर घाम किती यावा, ह्या गोष्टी कोणाला ठरवाव्या लागत नाहीत. मनुष्य गाढ झोपेत असतो तेव्हाही ही कामे चाललेली असतात. त्यांवर देखरेख ठेवणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यास स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. अलीकडील पाठ्यपुस्तकांत हिलाच स्वायत्त चेतासंस्था असे म्हटलेले आढळते. केंब्रिज येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन लँगली यांनी 1898 मध्ये ह्या संस्थेला हे नाव दिले. ‘स्वायत्त’ याचा अर्थ मेंदूपासून सर्वस्वी अलग असा मात्र नव्हे. भीती, राग, लाज, आनंद ह्या साऱ्या मनोवृत्तींचे पडसाद ह्या संस्थेत उमटतात. फक्त तिला आपल्या इच्छेने हुकूम देता येत नाही. ‘घाम येऊ देऊ नकोस’ असे कोणी कितीही बजावले तरी घाबरलेल्या मुलाचा तळहात कोरडा राहत नाही.

ह्या संस्थेचे मुख्य विभाग दोन : अनुकंपी व परानुकंपी. अनुकंपी मज्जातंतू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपासून निघून कण्याच्या दोन्ही बाजूंस साखळीप्रमाणे गुंफलेले असतात व तेथून सर्व अवयवांकडे जातात. परानुकंपी तंतू वरच्या टोकाला मेंदूच्या तळापासून व खालच्या टोकाला मज्जारज्जूच्या शेवटाजवळून निघतात. यांतील सर्वांत महत्त्वाची ती व्हेगस नावाची मज्जा. मानेतून उतरून छाती व पोट यांतील बहुतेक इंद्रियांना ती भेट देत जाते. दोन्ही विभाग बहुधा एकाच अवयवाला पोहोचतात व परस्परविरुद्ध काम करतात. अनुकंपी विभाग हृदयाचा वेग वाढवितो, बाहुली रुंद करतो, पचन थांबवितो, कातडीतील रक्तवाहिन्या आवळतो. परानुकंपी विभाग हृदयाला सावकाश चालवितो, बाहुली बारीक करतो, लाळ व पाचक रस वाढवितो, आतड्यांची हालचाल चालू ठेवतो. औत हाकणारा शेतकरी दोन कासरे हातात धरतो, एक ताणतो तेव्हा दुसरा सैल सोडतो, आणि तास सरळ जाते. शरीराचा कारभार काहीसा तसाच चालतो. हे कासरे एकाएकी एका बाजूस खेचले गेले, तुटले किंवा हातातून निसटले, म्हणजे जे घडते त्यालाच ह्या संस्थेचा विकार म्हणावयाचे. असे विकार खेड्यातील शाळेत वाटतात तितके दुर्मिळ नाहीत. त्यांना निराळी नावे पडलेली असतात, एवढेच.

मज्जातंतू हे काम कसे करतात, ह्याविषयीचा एक प्रयोग वरच्या वर्गातील मुलांना गोष्टीसारखा सांगण्याजोगा आहे. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याची कल्पना स्वप्नात सुचली, रात्री उठून चिठोऱ्यावर लिहून ठेवली, पण सकाळी आपलेच अक्षर आपल्याला लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडले तेव्हा मात्र तडक उठून प्रयोगशाळा गाठली, असे त्यांनी स्वतः पुढे सांगितले आहे. त्यांनी दोन बेडकांची हृदये क्षारद्रावणात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाची व्हेगस मज्जा विजेने उत्तेजित करताच ते मंदावले. मग त्याच्या भोवतालचे द्रावण त्यांनी दुसऱ्या हृदयावर सोडले, आणि कोणत्याही मज्जेला स्पर्श न करता तेही मंदावले. अर्थ स्पष्ट होता : मज्जातंतू आपल्या टोकाशी एक रसायन सोडतो व ते रसायन अवयवाला निरोप पोहोचविते. हे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन होय, हे पुढे सिद्ध झाले. 1936 मध्ये लोवी व इंग्लंडमधील हेन्री डेल यांना ह्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. अनुकंपी तंतू बहुतेक ठिकाणी नॉरॲड्रेनलीन हे दुसरे रसायन वापरतात, व त्यांच्या जोडीला मूत्रपिंडाच्या माथ्यावरील ग्रंथी ॲड्रेनलीन रक्तात ओततात. निरोप रसायनाचा असल्यामुळे बाहेरचे एखादे रसायनही तो निरोप बनावट देऊ शकते, वाढवू शकते किंवा अडवू शकते. विंचू, धोतरा व फवारणीची औषधे यांचा प्रताप येथूनच सुरू होतो. त्यांकडे पुढे वळावयाचे आहे.

त्याआधी परिपाठाच्या वेळी नित्य घडणारा प्रकार. मुले ओळीने उभी आहेत, प्रार्थना, प्रतिज्ञा, बोधकथा, सूचना असा क्रम चालला आहे, ऊन चढले आहे, आणि एखादी मुलगी एकाएकी पांढरीफटक पडून कोसळते. बहुधा ती सकाळी काही न खाता आलेली असते. मनुष्य उभा राहिला की गुरुत्वाकर्षणामुळे अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त पाय व पोट यांतील शिरांत उतरते. अनुकंपी विभाग तत्काळ रक्तवाहिन्या आवळून व हृदय थोडे जलद चालवून मेंदूचा रक्तपुरवठा सांभाळतो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलण्यास मदत करतात. ताठ, निश्चल उभे राहिल्यास ही मदत मिळत नाही. अशा स्थितीत उष्णता, भूक, रक्ताचे दर्शन, लसीची सुई किंवा भीती यांपैकी काही भर पडली म्हणजे कित्येक मुलांमध्ये कासरे एकदम उलट खेचले जातात : रक्तवाहिन्या सैल पडतात, व्हेगस हृदयाला मंदावते, रक्तदाब घसरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त अपुरे पडते. व्हेगस व रक्तवाहिन्या ह्या दोहोंचा हात असल्यामुळे इंग्रज वैद्य थॉमस लुईस यांनी 1932 मध्ये ह्या घेरीचे वर्णन व्हेसोव्हेगल ह्या नावाने केले, व तेच नाव रूढ झाले.

कोसळण्यापूर्वी मूल जांभया देते, ओठ फिकट पडतात, कपाळावर गार घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात गुणगुण होते, पोटात ढवळते. ओळीवर नजर ठेवणाऱ्या शिक्षकास ही चिन्हे वेळेवर दिसू शकतात. त्याच क्षणी मुलास खाली बसविले किंवा आडवे केले तर पुढचे टळते. पडल्यावर करावयाचे ते एवढेच : सपाट जमिनीवर उताणे निजवावे, पाय दप्तरावर किंवा पाटावर उंच ठेवावेत, गळ्याजवळची गुंडी सैल करावी, भोवतालची गर्दी हटवावी. आडवे होताच रक्त आपोआप मेंदूकडे वळते व बहुधा मिनिटाच्या आत मूल डोळे उघडते. येथे एक घातक सवय सांगितली पाहिजे. दोघे धावत येतात, मुलाला काखेत हात घालून उभे करतात किंवा खुर्चीत बसवितात, आणि तोंडात पाणी ओततात. उभे केल्याने घेरी लांबते. बेशुद्ध मुलाच्या तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाते. पडणे हाच निसर्गाने योजिलेला उपाय आहे. तो मोडू नये.

घेरी व अपस्मार यांत घोटाळा होतो. घेरीतही क्षणभर हातपाय थरथरू शकतात, परंतु मूल लवकर भानावर येते व आपण कोठे आहोत हे त्याला कळते. अपस्मारात झटके अधिक वेळ टिकतात, जीभ चावली जाते, नंतर बराच वेळ गुंगी राहते. दोन्हींत कांदा वा चप्पल हुंगविण्याचा काही उपयोग नाही. झटक्यात दातांमध्ये चमचा किंवा काठी घालणे तर अपायकारकच. मुलगी अंगात येऊन पडली, तिला काही लागले आहे, अशी बोलवा गावात पसरण्यापूर्वी शिक्षकाने पालकांस बोलावून खरा प्रकार समजावून द्यावा, कारण मुलीची शाळा सुटण्यास असे एक निमित्त पुरेसे होते. मात्र धावता-धावता, खेळाच्या ऐन भरात मूल कोसळले, किंवा पडण्यापूर्वी छातीत धडधड वा दुखणे होते, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अकस्मात मृत्यू झालेला आहे, तर ती साधी घेरी समजू नये. तेथे हृदयाचा दोष असू शकतो, आणि त्या मुलास डॉक्टरकडे पाठविण्यास एक दिवसही उशीर करू नये.

भीतीचा प्रश्न ह्याच संस्थेशी निगडित आहे. संकट समोर येताच प्राणी एक तर झुंजतो किंवा पळतो, व त्या दोहोंची तयारी अनुकंपी विभाग करून देतो, हे हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी 1915 मधील आपल्या ग्रंथात मांडले. मांजराला पाहून बसलेला उंदीर असो की कुत्र्यापुढे केस फुलवून उभे राहिलेले मांजर असो, आतील व्यवस्था एकच. आता वर्गातील मुलाचा विचार करावा. फळ्याशी बोलाविलेल्या, पाढा विसरलेल्या मुलाचे हृदय धडधडते, तोंडाला कोरड पडते, हात गार होतात. परंतु त्याला झुंजता येत नाही व पळताही येत नाही. साऱ्या तयारीचा उपयोग होत नाही आणि ती शरीरातच कोंडून राहते. परीक्षेच्या दिवशी पोटात कळ येणे, वारंवार लघवीला जावेसे वाटणे, सोमवारी सकाळी उलटी होणे, ह्या तक्रारी पुष्कळदा खोट्या ठरविल्या जातात. त्या खोट्या नसतात. पोट खरोखरच दुखते. फक्त दुखण्याचे मूळ आतड्यात नसून आतड्यांना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंत असते. वर्गात लघवी झालेल्या लहान मुलास हसणाऱ्या मुलांपुढे उभे करणे म्हणजे ज्या भीतीने ते घडले तिच्यातच भर घालणे होय. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009, याच्या कलम 17 ने बंदी केली आहे, हे शिक्षकांस ठाऊक आहे. त्या कलमामागे शरीरशास्त्रही उभे आहे, हे तितकेसे ठाऊक नसते.

आता विंचवाकडे वळू. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, तांबडा विंचू ही स्वायत्त मज्जासंस्थेवर होणाऱ्या आघाताची सर्वांत भयंकर बाब आहे. मोठा काळा विंचू, ज्यास कित्येक ठिकाणी इंगळी म्हणतात, तो दिसावयास भयानक. परंतु जीव घेणारा बहुधा लहान, तांबूस असाच असतो. त्याचे विष मज्जातंतूंच्या आवरणातील क्षारकणांची दारे बिघडविते. निरोप थांबतच नाही, आणि मज्जातंतूंच्या टोकांतून रसायनांचा लोंढा सुटतो. आरंभी मुलास ओकाऱ्या होतात, सर्वांगास दरदरून घाम फुटतो, लाळ गळते, मुलग्यांत शिश्न ताठरते. त्यानंतर अनुकंपी विभागाचे वादळ उठते : हातपाय बर्फासारखे गार, नाडी जलद, रक्तदाब चढलेला. आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता-ढकलता हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो, आणि मूल दगावते. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की ज्याला दंशाच्या जागी असह्य वेदना आहेत व जो ठणाणा ओरडतो आहे, तो पुष्कळदा सुखरूप राहतो. ज्याची वेदना बेताची, परंतु जो ओकतो व घामाने निथळतो, त्याच्या जिवाला धोका अधिक. खेड्यात समजूत नेमकी उलट असते. मांत्रिकाने उतारा टाकला, वेदना थांबली, विष उतरले, असे म्हणून मूल निजविले जाते व पहाटे प्रकृती हाताबाहेर जाते.

रायगड जिल्ह्यातील महाड व त्याच्या आसपासच्या खेड्यांत काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम टिपला. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याने केलेले हे निरीक्षण 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विष अनुकंपी विभागाला चेतविते, तर त्या विभागाचा निरोप रक्तवाहिन्यांपाशीच अडविणारे औषध द्यावे, ह्या विचाराने त्यांनी प्राझोसिन वापरले. हे औषध मुळात उच्च रक्तदाबासाठीचे. तोंडाने देता येते व स्वस्त आहे. 1986 मध्ये त्याविषयीचे लेखन त्याच नियतकालिकात आले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीस किंवा त्याहून अधिक दगावत. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरल्याचे नमूद झाले आहे. पुढे विंचवाचे प्रतिविषही उपलब्ध झाले. प्राझोसिनच्या जोडीला ते दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, असे बावस्कर दांपत्याने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दिसून आले. 2022 मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री देण्यात आली. मोठी प्रयोगशाळा नसताना केवळ नीट पाहिल्याने व नीट लिहून ठेवल्याने काय साधते, याचे उदाहरण शोधण्यास कोकणाबाहेर जावे लागत नाही.

शिक्षकाने औषध देण्याच्या भरीस पडू नये. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, घट्ट आवळू नये. मूल शांत व आडवे ठेवून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे, आणि ‘किती वाजता चावला, किती वेळा ओकला, घाम कधी सुटला’ हे कागदावर लिहून सोबत द्यावे. प्राझोसिन दिलेले मूल एकदम उठून उभे राहिल्यास रक्तदाब घसरून पडू शकते, म्हणून परतीच्या वाटेवरही डॉक्टरांच्या सांगण्यावाचून त्यास चालवू नये. शाळेपुरते बोलावयाचे तर शौचालयाजवळचा दगडविटांचा ढीग, सरपणाची खोली, सुटीनंतर प्रथमच उघडलेले कपाट व रात्रभर बाहेर राहिलेली पादत्राणे ही विंचवाची ठिकाणे होत.

विंचू अनुकंपी विभाग पेटवितो, तर कीटकनाशकांपैकी सेंद्रिय फॉस्फरसाची औषधे परानुकंपी विभागास मोकाट सोडतात. ॲसिटिलकोलीनने निरोप दिला की एक विकर लगेच त्याचे तुकडे करून तो पुसून टाकते. ही औषधे त्या विकरालाच निकामी करतात. पुसणारा नाही, म्हणून निरोपावर निरोप साचत जातो : बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, अंगातून घाम वाहतो, ओकाऱ्या व जुलाब होतात, छाती कफाने भरते, स्नायू उडू लागतात व शेवटी श्वास थांबतो. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली व सुमारे वीस जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी वापरात असलेल्या औषधांत निरनिराळ्या जातींची विषे होती. परंतु ह्या वर्गातील मोनोक्रोटोफॉस व प्रोफेनोफॉस यांची नावेही त्यांत होती.

शाळेच्या दृष्टीने त्याहून अधिक हृदयद्रावक घटना बिहारमध्ये घडली. सारण जिल्ह्यातील गंडामन ह्या गावच्या प्राथमिक शाळेत 16 जुलै 2013 रोजी मध्यान्ह भोजन घेतल्यानंतर 23 मुले मृत्यू पावली. तपासणीत अन्नात व तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले; तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवले गेले असावे, असा निष्कर्ष निघाला. जेवणाची चव विचित्र लागत असल्याचे मुलांनी सांगितले होते, असे नंतर प्रसिद्ध झाले. मुलांनी ‘कडू लागते’ म्हटल्यावर प्रथम ताट बाजूला सारावयाचे व मग चौकशी करावयाची, हा क्रम कोणत्याही परिपत्रकाची वाट न पाहता पाळता येतो. शिजविलेले अन्न मुलांना वाढण्यापूर्वी मोठ्या माणसांनी चाखून पाहण्याचा नियम आहे. चवीच्या वहीत केवळ सही करून तो पाळला जात नाही. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी तो तेलाचा, पाण्याचा वा पिठाचा डबा होत नाही. शेतातून फवारणी करून आलेल्या वडिलांचे कपडे धुणाऱ्या मुलीला, किंवा सुटीच्या दिवशी पंप घेऊन फवारणीस गेलेल्या सातवीतल्या मुलालाही हीच बाधा होऊ शकते, कारण हे विष कातडीतूनही आत जाते. अशा वेळी कपडे उतरवून अंग साबणाने भरपूर पाण्याखाली धुणे हा पहिला उपाय. मदत करणाऱ्याने स्वतःच्या हातांनाही जपावे. औषधाची बाटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी दवाखान्यात बरोबर न्यावी.

ह्या विषबाधेवरील मुख्य उतारा म्हणजे ॲट्रोपीन. ते ॲसिटिलकोलीनचा निरोप अवयवापाशी अडविते. आणि येथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते : जे ॲट्रोपीन दवाखान्यात जीव वाचविते, तेच व त्याच्या जातीची द्रव्ये उकिरड्यावर उगवणाऱ्या धोतऱ्याच्या बियांत असतात. खेळता-खेळता काटेरी फळ फोडून बिया खाणाऱ्या मुलाची स्थिती कीटकनाशकाच्या नेमकी उलट होते. तोंड कोरडे ठणठणीत, अंग लाल व तापलेले, घामाचा थेंब नाही, बाहुल्या एवढ्या रुंद की उजेड सोसत नाही. मूल बरळते, हवेतल्या नसलेल्या वस्तू पकडू पाहते, लघवी तुंबते. वेड लागले वा बाहेरचे झाले असे समजून येथेही मौल्यवान तास फुकट जातात. बाहुली बारीक की रुंद, कातडी ओली की कोरडी, एवढे दोन प्रश्न जरी शिक्षकाने पाहून सांगितले तरी डॉक्टरांचे अर्धे काम होते. (मोगली एरंडाच्या बिया खाऊन होणाऱ्या उलट्या-जुलाब हा निराळा प्रकार असून त्याचा मज्जासंस्थेशी असा संबंध नाही, मात्र दवाखाना गाठण्याची घाई तीच.) विंचूदंशात मात्र ॲट्रोपीन हितावह नाही, परानुकंपी कासरा सैल केल्याने आधीच उधळलेला अनुकंपी विभाग अधिकच उधळतो. लक्षणे वरवर सारखी दिसली तरी कारण कळल्याशिवाय उपाय ठरत नाही, तो यामुळेच.

उष्माघातात घामाची यंत्रणा हार खाते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात अंग भट्टीसारखे तापलेले मूल असंबद्ध बोलू लागले की त्यास सावलीत नेऊन पाण्याने सतत भिजवावे, वारा घालावा व दवाखान्यात हलवावे. तापाची गोळी येथे कामास येत नाही.

मोठ्यांमध्ये ह्या संस्थेचे सर्वांत नित्याचे दुखणे मधुमेहामुळे उद्भवते. वर्षानुवर्षे रक्तात साखर चढलेली राहिली की बारीक मज्जातंतू झिजतात : उठून उभे राहताच अंधारी येते, जेवण पोटात साचून राहते, पायांचा घाम आटून भेगा पडतात, आणि हृदयविकाराचा झटका वेदनेवाचून येऊ शकतो. सेवानिवृत्तीस आलेल्या शिक्षकांतही अशी माणसे असतात, व ‘वयच झाले’ असे म्हणून ती दुर्लक्ष करतात.

शेवटचा विकार शांतपणे येतो, आणि तो ओळखण्याची सर्वांत चांगली संधी प्राथमिक शिक्षकालाच मिळते. कुष्ठरोगाचे जंतू कातडीतील मज्जातंतूंवर वस्ती करतात व स्पर्शज्ञानाच्या तंतूंबरोबर घाम आणणारे अनुकंपी तंतूही मारतात. खेळून आलेल्या मुलाचे सारे अंग घामाने चमकत असताना पाठीवरचा किंवा दंडावरचा एखादा फिकट अथवा लालसर चट्टा कोरडा, निस्तेज दिसला, आणि तेथे पिसाने किंवा कापसाने हलकेच स्पर्श केल्यास डोळे मिटलेल्या मुलाला तो कळला नाही, तर कुष्ठरोगाचा संशय घ्यावा. बहुविध औषधांचा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, सहा महिने ते एक वर्ष चालतो, व त्याने रोग पूर्ण बरा होतो; उपचार सुरू होताच संसर्गाचे भयही ओसरते. चट्ट्याची वाच्यता वर्गात न करता पालक व आरोग्यसेविका यांच्याजवळच करावी, आणि मुलाची बैठक होती तेथेच ठेवावी.